व्हो-ल-व्हिकोंत : घर, बाग आणि बाग बघण्याची रीत
(पॅरिस मुक्कामात हा दिवस निवडलेल्या आमच्या प्रवाशांसाठी माहितीपत्रक)

पॅरिसच्या आग्नेयेला सुमारे 55 किमीवर, मलँ शहराजवळच्या मँसी गावाच्या हद्दीत हे घर आहे. बरेच जण पायऱ्यांवरून फोटो काढतात, दालने फिरतात आणि तासाभरात परततात. त्यांना निम्मेसुद्धा व्हो दिसत नाही. ही बाग एका जागी उभे राहून कळत नाही, ती चालायलाच लागते. का, ते पुढे येईलच. आधी घराचा इतिहास थोडक्यात.

फूके आणि त्याची माणसे

निकोला फूकेने ही जहागीर 1641 मध्ये घेतली, तेव्हा तो 26 वर्षांचा होता. 1653 मध्ये तो फ्रान्सचा अर्थखात्याचा प्रमुख झाला आणि 1656 पासून इथे मोठे बांधकाम सुरू झाले. वास्तुविशारद लुई ल व्हो, चित्रकार आणि सजावटकार शार्ल ल ब्रँ, बागकाम आंद्रे ल नोत्रकडे. तिघांनी एकत्र काम केले. म्हणून घर कुठे संपते आणि बाग कुठे सुरू होते, हे इथे सांगता येत नाही. फाटकातून आत आलात की दिवाणखान्याच्या कमानींतून थेट पलीकडची बाग दिसते. ती दिसावी अशीच आखणी आहे.

17 ऑगस्ट 1661 च्या संध्याकाळी फूकेने 22 वर्षांच्या चौदाव्या लुईला इथे मेजवानी दिली. मुदपाकखान्याची व्यवस्था व्हातेलकडे होती. नाटककार मोलिएरच्या नव्या प्रहसनाचा पहिला प्रयोग बागेत झाला, शेवटी आतषबाजी झाली. 5 सप्टेंबरला, म्हणजे राजाच्या वाढदिवशीच, नांत शहरात राजाच्या रक्षकदलातल्या दार्तान्यांने फूकेला अटक केली.

घराचा थाट बघून राजाचा जळफळाट झाला आणि म्हणून अटक झाली, ही गोष्ट तुम्हाला पॅरिसमध्ये पदोपदी ऐकू येईल. ती अर्धीच खरी आहे. मार्चमध्ये पंतप्रधान माझारँ वारला, फूकेचा प्रतिस्पर्धी कोल्बेरने त्याच्या हिशेबांवर बोट ठेवले आणि अटकेचा विचार मे महिन्यातच पक्का झाला होता. शिवाय मेजवानीच्या आधी फूकेने पॅरिसच्या पार्लमाँमधले (त्या काळचे वरिष्ठ न्यायालय) आपले पद विकून टाकले होते. त्या पदामुळे त्याचा खटला फक्त पार्लमाँसमोरच चालू शकला असता, ते कवच गेले. मेजवानी हे निमित्त ठरले. खटला तीन वर्षे चालला. डिसेंबर 1664 मध्ये 13 न्यायाधीशांनी हद्दपारी सुचवली, 9 जणांनी मृत्युदंड. राजाने शिक्षा कमी करण्याऐवजी वाढवली आणि हद्दपारीची जन्मठेप केली. आल्प्समधल्या पिन्येरोलच्या किल्ल्यात फूके 1680 मध्ये मेला.

इथले जाजम-पडदे, पुतळे, संत्र्याची झाडे राजाने उचलून नेली. कारागीरही नेले : ल व्हो, ल ब्रँ आणि ल नोत्र राजाच्या व्हर्साय महालाच्या कामाला लागले आणि मँसीतला विणकामाचा कारखाना 1662 मध्ये पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात मिसळला. व्हर्साय आधी बघून इथे आलात तर व्हर्सायची नक्कल बघतोय असे वाटेल. क्रम नेमका उलटा आहे.

घरात काय चुकवू नये

मधला लंबवर्तुळाकार दिवाणखाना बागेच्या बाजूला बाहेर आलेला आहे. भिंतीवर वरच्या अंगाला 16 अर्धमूर्ती आहेत, 12 राशी आणि 4 ऋतू. घुमटात ल ब्रँ सूर्याचा महाल रंगवणार होता. अटकेमुळे ते काम झालेच नाही, त्यामुळे सगळ्या घरातली सर्वांत मोठी खोली सर्वांत साधी आहे. बाजूच्या म्युझेस (ग्रीक कलादेवता) आणि हर्क्युलीसच्या दालनांत मात्र त्याचे काम पुरे झालेले आहे, तिथे मान वर करून वेळ द्या. छतावर, भिंतींवर खार शोधा. ते फूकेचे चिन्ह, लहान मुलांना मोजायला छान काम. जेवणासाठी वेगळी खोली ठेवलेल्या फ्रान्समधल्या सुरुवातीच्या घरांपैकी हे एक. त्याआधी मोठ्या घरांतही पाहिजे त्या दालनात टेबल मांडले जाई.

घर चुनखडी दगडाचे, फिकट पिवळसर. बाजूच्या तबेल्यांच्या इमारती मात्र विटांच्या. मालकाचे कुठले आणि नोकरांचे कुठले, हे रंगावरूनच कळावे म्हणून. तबेल्यात आता जुन्या बग्ग्यांचे संग्रहालय आहे.

बाग : डोळ्यांची फसवणूक, मोजून केलेली

पायऱ्यांवर उभे राहून दक्षिणेकडे बघा. वेलबुट्टीचे वाफे, गोल तळे, हिरवळ, मग चौकोनी तळे, आणि त्या तळ्याच्या पलीकडच्या काठालाच टेकून उभ्या असलेल्या दगडी गुहा. वर टेकडीच्या चढावर सोनेरी हर्क्युलीस. सगळे हाकेच्या अंतरावर वाटते.

आता चालायला लागा. दूरची वस्तू लहान दिसते, हे गृहीत धरून ल नोत्रने घरापासून लांबची तळी जाणूनबुजून मोठी केली आहेत. म्हणून पायऱ्यांवरून ती जवळ वाटतात. चौकोनी तळे गाठायलाच अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. तिथे पोहोचलात की गुहा मागे सरकल्यासारख्या होतात, आणि तळ्याच्या पुढे जमीन एकदम खाली जाऊन समोर आडवा कालवा येतो, जवळपास 1 किमी लांब. आंक्यय नावाच्या ओढ्याला बांध घालून तो केला आहे. घरातून तो अजिबात दिसत नाही, कारण तो खालच्या पातळीवर आहे आणि मधल्या उंच काठाने झाकला जातो. कालव्याच्या अलीकडच्या काठाखाली धबधब्यांची भिंत, पलीकडे गुहा. गुहांत दोन नदीदेवता आडव्या पडलेल्या आहेत : रोमची टायबर आणि हा इथला ओढा. इवल्याशा ओढ्याला टायबरच्या जोडीला बसवणे हा खास त्या काळचा रुबाब.

चौकोनी तळ्याचा दक्षिण काठ सोडू नका. तिथून मागे वळून बघितले तर शेकडो मीटर दूर असलेले घर पाण्यात पूर्ण दिसते. पाण्याची पातळी, उतार आणि घराची उंची यांचे गणित बसवल्यामुळेच हे शक्य होते. वारा असेल किंवा कारंजी चालू असतील तर प्रतिबिंब मोडते. म्हणून ते सकाळीच साधावे.

घरापासून हर्क्युलीसपर्यंतची मधली रेघ सुमारे 1.5 किमी, पण कालव्याला टोकाकडून वळसा घालावा लागतो, तेव्हा पायपीट बरीच वाढते. जाऊन-येऊन दोन तास धरा. वरून घराकडे बघितले की तीच बाग वेगळीच वाटते. इथे आल्याशिवाय फसवणूक कशी केली हे कळत नाही.

वाफ्यांचे दुखणे

घराजवळच्या दोन मोठ्या वाफ्यांची बुट्टी बॉक्सवूड या ठेंगण्या झुडपाची होती. तिच्यामध्ये विटांचा लाल चुरा घालून रंग उठवत. फूकेच्या वेळची लागवड केव्हाच गेली होती, 1923 मध्ये आशील द्युशेनने ती नव्याने केली. अशी बुट्टी छाटणीवर जगते, आणि दाट छाटणीच तिच्या मुळावर आली. पाने आतून ओली राहिली की करप्याची बुरशी धरते. शिवाय 2007 च्या सुमारास पूर्व आशियातून युरोपात शिरलेल्या पतंगाच्या अळ्या दाट पानांत जाळी करून बसतात, तिथे फवारा पोहोचत नाही आणि वर्षात दोन-तीन पिढ्या निघतात. अखेर 2019 मध्ये झुडपे उपटावी लागली आणि पॅट्रिक हूरकाड यांनी त्या जागी चकचकीत ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांची रचना केली. जुन्या फोटोंतली हिरवी नक्षी डोक्यात घेऊन आलात तर चमकाल. आमच्या मते अर्धमेली झुडपे ठेवण्यापेक्षा हे बरे, पण वरून बघितल्यावर ते बागेपेक्षा दागिन्यासारखे वाटते हेही खरे.

बागेने याहून वाईट दिवस पाहिले आहेत. 18 व्या शतकात व्हिलार घराण्याच्या ताब्यात असताना कारंज्यांचे शिशाचे नळ विकले गेले. पुढचे मालक शोआझल-प्रालँ. 1847 मध्ये त्यांच्यातल्या ड्यूकने पॅरिसमध्ये पत्नीचा खून केला आणि विष घेतले. त्यानंतर हे घर जवळपास 30 वर्षे ओस होते. 1875 मध्ये साखर कारखानदार आल्फ्रेद सोमिएने ते लिलावात घेतले आणि कारंजी, गुहा, वाफे पुन्हा उभे केले. त्यांचे वारस, द व्होग्वे कुटुंब, आजही मालक आहेत. 1968 पासून जनतेला प्रवेश आहे.

जाण्याआधी

पॅरिसच्या गार द लेस्त स्थानकावरून प्रोव्हँकडे जाणारी पी लाइनची गाडी, उतरायचे व्हेर्नय-लेतांला. तिथून वाड्याची बस, पण ती रोज नसते. बस नसेल त्या दिवशी गार द लियोंहून मलँ गाठावे आणि पुढचे सुमारे 6 किमी टॅक्सीने जावे. परतीची टॅक्सी आधीच सांगून ठेवा, फाटकाबाहेर ऐनवेळी मिळत नाही. आमच्या गटासोबत असाल तर ही काळजी आमची.

कारंजी जुन्या पद्धतीने, पंपाविना, उतारावरून येणाऱ्या पाण्याच्या दाबावर चालतात. साठा मर्यादित, म्हणून उन्हाळ्यातल्या ठराविक शनिवारीच आणि काही तासच. तारीख ठरवण्याआधी आमच्याकडून वेळापत्रक पक्के करून घ्या. शनिवारच्या संध्याकाळी सुमारे 2,000 मेणबत्त्या लावून बाग उघडी ठेवतात. दृश्य सुंदर असते, पण पहिल्यांदा येत असाल तर फक्त त्यासाठी येऊ नका. अंधारात तळी, कालवा, उतार यांतले काहीच वाचता येत नाही. दुपारी तीनपर्यंत पोहोचून आधी बाग चाला आणि मग थांबा.

वाटा बारीक खडीच्या आहेत. चाकांची खुर्ची आणि बाबागाडी त्यात रुतते. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी विजेवरच्या छोट्या गाड्या भाड्याने मिळतात, पण गर्दीच्या दिवशी लवकर संपतात, आल्याबरोबर सांगा. घुमटावर जायचे तिकीट वेगळे, जिना अरुंद. गुडघे दुखत असतील तर तो टाळा, कालव्यापर्यंतची चाल टाळू नका. दुपारी वरून दक्षिणेकडे फोटो काढले तर समोर सूर्य येतो, म्हणून घुमट सकाळी आणि घराच्या मागच्या अंगाचे फोटो दुपारी. उपाहारगृहात शाकाहारी पर्याय थोडे असतात. सोबत कोरडा खाऊ ठेवा, पण तो हिरवळीवर नव्हे, नेमून दिलेल्या जागेत खा.