कायकोरात बोटीआधी फाइफ हाऊस कशासाठी?

आमच्या न्यूझीलंड सहलीत कायकोरा हे किनाऱ्यावरचं गाव आलं की पहिला प्रश्न ठरलेला: देवमासे कधी दाखवणार? बोट आहेच. पण त्याआधी तासभर आम्ही तुम्हाला किनाऱ्यावरच्या एका जुन्या, गुलाबी रंगाच्या लाकडी घरात नेतो. कार्यक्रमपत्रिकेत नुसतं 'फाइफ हाऊस' लिहिलेलं असतं, म्हणून हे चार शब्द.

१८४२ मध्ये रॉबर्ट फाइफने इथे देवमाशांच्या शिकारीचं ठाणं उभारलं. शिकार मुख्यतः राईट व्हेल या जातीच्या देवमाशाची. हा संथ पोहतो, किनाऱ्यालगत येतो आणि मेल्यावर तरंगतो. हिवाळ्यात माद्या पिल्लांसह उथळ पाण्यात येत. शिकारी बरेचदा आधी पिल्लाला भाला मारत, कारण आई त्याला सोडून जात नसे. (लहान मुलं सोबत असतील तर हा भाग सांगायचा की नाही, ते आम्ही तुम्हाला विचारूनच ठरवतो.)

मग किनाऱ्यावर मोठाल्या लोखंडी कढयांत चरबी कढवायची. गुऱ्हाळात चिपाडावरच चुलाण पेटतं, तसा इथे कढवून उरलेला चोथाच जळणाला येई. तेल दिव्यांना आणि यंत्रांना. देवमाशाच्या तोंडातल्या लवचिक पट्ट्या छत्रीच्या काड्यांना.

आत जाण्याआधी एक करा. खाली वाकून घराचं जोतं बघा. दगड नाहीत, देवमाशाचे मणके आहेत. एकेक छोट्या स्टुलाएवढा, करडा, जाळीजाळीचा. त्यांवर हे घर आजही उभं आहे. आमच्या मते सगळ्या कायकोरात पाहण्यासारखं याहून मोठं काही नाही.

रॉबर्ट १८५४ मध्ये बुडून गेला. पुढे त्याचा चुलतभाऊ जॉर्ज याने घर वाढवलं. त्याच्या काळात इथल्या खोदकामात एका माओरी (इथले मूळ रहिवासी) दफनात, नामशेष झालेल्या मोआ पक्ष्याचं सुमारे २४ सेंटिमीटर लांबीचं अंडं मिळालं. ते आता वेलिंग्टनच्या 'ते पापा' संग्रहालयात आहे. फाइफ मंडळींच्या कितीतरी आधीपासून इथे माणसं राहत होती.

न्यूझीलंडमधली शिकार १९६४ मध्ये थांबली. देवमासे दाखवणारी बोट १९८७ पासून इथल्या माओरी लोकांचीच संस्था चालवते. बोटीतून दिसतात ते बहुधा स्पर्म व्हेल या दुसऱ्या जातीचे देवमासे. किनाऱ्याजवळच समुद्रात खोल दरी असल्याने ते बारा महिने असतात.

घराची देखभाल 'हेरिटेज न्यूझीलंड' ही वारसा जपणारी संस्था करते. उघडण्याच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, त्या आम्ही आधी विचारून ठेवतो. गुडघे दुखत असतील तर वर चढू नका, मणके खालीच आहेत. बोट लागत असेल तर गोळी निघण्याआधी अर्धा तास घ्या.