दुवा कोणता आणि नुसता मजकूर कोणता?

रावेर तालुक्यातल्या एका केळी उत्पादक गटाच्या कार्यालयात काटापावत्या आणि रोजचे भाव दाखवणारी एक छोटी प्रणाली चालते. तिच्या सर्व्हरचा पत्ता १९२.१६८.१.२० असा, म्हणजे कार्यालयाच्या चार भिंतींपुरताच चालणारा. शेतकऱ्यांना घरबसल्या मोबाइलवर पावती दिसावी म्हणून तिच्यापुढे आम्ही अपाची वेब सर्व्हर रिव्हर्स प्रॉक्सी म्हणून उभा केला. पहिले पान लगेच उघडले. परंतु ‘आजची पावती’वर बोट ठेवताच मोबाइल नुसता वाट पाहत राहिला, कारण पानातल्या दुव्यात आतलाच पत्ता होता आणि सावद्याला घरी बसलेल्या शेतकऱ्याच्या मोबाइलला तो पत्ता सापडणे शक्यच नव्हते.

रिव्हर्स प्रॉक्सी म्हणजे दुकानाच्या गल्ल्यावर बसलेला माणूस: गिऱ्हाईक त्याच्याशी बोलते, माल मात्र मागच्या गोदामातून येतो. गोदामाचा पत्ता बाहेर जाऊ नये यासाठी अपाचीत ‘प्रॉक्सीपासरिव्हर्स’ ही आज्ञा आहे, पण ती उत्तराच्या शीर्षकांतला (म्हणजे पानाआधी पाठवल्या जाणाऱ्या माहितीच्या ओळींतला), उदाहरणार्थ ‘लोकेशन’मधला, पत्ता तेवढा बदलते. पानाच्या मजकुराला ती हात लावत नाही.

मग मजकुरात आतला पत्ता शोधून सरसकट बाहेरचा घालावा, हा विचार कोणालाही सुचतो, आणि आम्हीही आधी तेच केले. दुवे चालू लागले. मात्र त्याच पानावर कर्मचाऱ्यांसाठी एक सूचना होती, ‘कार्यालयातील संगणकावर १९२.१६८.१.२० हा पत्ता टाकावा’, आणि तिच्यातलाही पत्ता बदलून गेला. सूचनेतला पत्ता माणसाने वाचायचा आणि दुव्यातला ब्राउझरने, हा फरक अक्षरे जुळवणाऱ्या यंत्राला कळत नाही; तो कळण्यासाठी पानाची रचना वाचावी लागते.

‘मॉड प्रॉक्सी एचटीएमएल’ हे मॉड्यूल, म्हणजे अपाचीला जोडायचा भाग, नेमके तेच करते. निक क्यू यांनी लिहिलेले हे मॉड्यूल आधी अपाचीच्या बाहेर स्वतंत्रपणे मिळत असे; २०१२ मध्ये आलेल्या २.४ या आवृत्तीपासून ते अपाचीसोबतच येते. ‘लिबएक्सएमएल२’ या तयार कोडसंग्रहाच्या मदतीने ते पान टॅगगणिक, म्हणजे पानाची रचना सांगणाऱ्या खुणांगणिक, वाचत जाते आणि टॅगला जोडलेल्या ज्या गुणधर्मात दुवा असतो त्यातलाच मजकूर तपासते. सूचनेतला पत्ता त्यामुळे जागच्या जागी राहतो. संपूर्ण पान स्मृतीत साठवून त्याच्या रचनेचे फांद्याफांद्यांचे झाड उभे करण्याऐवजी टॅग येईल तसा हाताळून पुढे सोडून देण्याची पद्धत त्यात वापरलेली असल्याने पान कितीही लांब असले तरी स्मृतीवर फारसा ताण येत नाही. (दुवा लांब किंवा आखूड झाला की पानाची एकूण लांबीही बदलते, म्हणून आधी जाहीर केलेली लांबी मॉड्यूलला शीर्षकातून काढून टाकावी लागते. सुटसुटीत वाटणाऱ्या कामाला अशा शेपट्या असतातच.)

खरी मेख आहे ती तुकड्यांत. आग विझवताना माणसांची रांग बादल्या हातोहात पुढे देते, त्याच धर्तीवर अपाची मजकूर ‘बकेट ब्रिगेड’मधून पुढे सरकवते, आणि बादली कुठे भरेल हे मजकुराच्या अर्थावर ठरत नाही. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. समजा एक तुकडा ८,१९२ बाइटचा आहे. त्याला ३ ने भागले की बाकी २ उरते, म्हणजे निव्वळ देवनागरी मजकूर असेल तर शेवटच्या चिन्हाचे दोन बाइट एका बादलीत आणि तिसरा पुढच्या बादलीत जातो. अर्धवट बाइट राखून पुढच्या तुकड्याला जोडले नाहीत, तर ‘केळी’तले एखादे चिन्हच नाहीसे व्हायचे. शिवाय पानाने आपली लिपीसंहिता (कोणते बाइट म्हणजे कोणते अक्षर, हे ठरवणारी पद्धत) सांगितलीच नाही, तर ती पश्चिम युरोपीय आहे असे गृहीत धरले जाते आणि मराठीच्या जागी टोप्या घातलेली रोमन अक्षरे उमटतात. ही जबाबदारी ‘मॉड एक्सएमएल२एन्क’ या वेगळ्या मॉड्यूलकडे सोपवली गेली, आणि माझ्या मते मराठी पानांच्या दृष्टीने सगळ्यांत मोलाची सुधारणा हीच.

कोणत्या टॅगच्या कोणत्या गुणधर्मात दुवा असतो, ही यादी आता मॉड्यूलच्या पोटात नसून सर्व्हर कसा चालावा हे लिहिलेल्या संरचनेच्या फाइलमध्ये असते, त्यामुळे तिच्यात भर घालता येते. ही भर घालावीच लागते, कारण सोबत मिळणारी यादी एचटीएमएल ४ आणि एक्सएचटीएमएल १ यांच्यापुरती आहे. नव्या पानांत चित्रासाठी येणाऱ्या ‘सोर्ससेट’मध्ये तर एकाच ओळीत स्वल्पविराम देऊन अनेक पत्ते असतात, तिथे सुरुवातीचा पत्ता तपासून भागत नाही.

स्क्रिप्टपुढे, म्हणजे पानासोबत येऊन ब्राउझरमध्ये चालणाऱ्या आज्ञांपुढे, मात्र मॉड्यूल जवळजवळ हतबल आहे. ‘प्रॉक्सीएचटीएमएलएक्स्टेंडेड’ ही आज्ञा चालू केली की ते स्क्रिप्ट आणि पानाचे रूप ठरवणाऱ्या शैलीपत्रकातही शोधते, पण तिथे ते व्याकरण जाणत नाही, पुन्हा अक्षरेच जुळवते. आणि तेवढ्यासाठीही तो भाग पूर्ण गोळा होईपर्यंत थांबते. पत्ता चार तुकड्यांत लिहून ब्राउझरमध्ये जोडला जात असेल, तर सर्व्हरच्या हाती जुळण्यासारखे काही नसतेच.

आमची शेवटची अडचण तीच होती. पावती छापण्याच्या बटणामागची स्क्रिप्ट पत्त्याचे आकडे एका चलातून आणि मार्ग दुसऱ्यातून घेत होती. शेवटी प्रणालीतलीच ती ओळ बदलून सापेक्ष मार्ग, म्हणजे सर्व्हरचा पत्ता न घातलेला मार्ग, लिहिला, आत आणि बाहेर मार्गाचे नाव एकच ठेवले, आणि मॉड्यूलकडे जुन्या अहवालांची पाने तेवढी उरली.