सोसायटीच्या आवारात झाडे लावण्याआधी

मुंबईत नवी झाडे उन्हाने मरतात त्यापेक्षा जास्त पावसाळ्यात मुळाशी पाणी साचून मरतात. म्हणून रोपे निवडण्याआधी जमीन बघायची. मे महिन्यात फूटभर खोल खड्डा करून पाण्याने भरा, जिरले की पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेले पाणी चार तासांनीही तसेच असेल, तर विटांची कड देऊन वाफा 9 इंच उचलून घ्या. उतार गटाराकडे हवा, इमारतीच्या भिंतीकडे नको.

बहुतेक आवारांत खोदले की मातीऐवजी डेब्रिज, म्हणजे बांधकामाचा राडारोडाच निघतो. त्यावर चार इंच लाल माती पसरली तर पहिले वर्ष बाग छान दिसते. मग मुळे खालच्या सिमेंट-चुन्यापर्यंत पोचतात, तिथे झाडाला लोह घेता येत नाही. एक्झोरा, अनंत यांची कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. यावर युरिया घालून उपयोग नाही. लिटरभर पाण्यात 3 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचा क्षार) विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा. फरक पडतो, पण तात्पुरता. डेब्रिज काढायलाच हवे : झुडपासाठी दीड फूट, झाडासाठी तीन फूट लांब, रुंद आणि खोल. अंदाजपत्रकात हा खर्च सगळ्यात मोठा दिसेल. तो कापू नका, हवी तर रोपे कमी घ्या.

भरणीला चार घमेली लाल माती, दोन शेणखत, एक जाडी वाळू. झाडाच्या खड्ड्यात अर्धा किलो नीमपेंड. शेणखत पूर्ण कुजलेले हवे, कच्च्या खतातून हुमणी (मुळे खाणारी अळी) येते.

लावणी दोन-तीन दमदार पाऊस झाल्यावर. काळी पिशवी कापून पूर्ण काढायची. (घाईत पिशवीसकट रोप गाडले जाते, म्हणून लावणी होताना शेजारी उभे राहा.) बुंधा पिशवीत जेवढा मातीत होता तेवढाच ठेवा, वर ढीग केला की साल कुजते.

भिंतीपासून दहा फूट जागा असेल तर बहावा, ताम्हण, सोनचाफा. समुद्राचा खारा वारा थेट येत असेल तर देवचाफा, बोगनवेल, स्पायडर लिली. दोन इमारतींमधल्या बोळात फुलांचा हट्ट नको, नेचे आणि सिंगोनियम लावा. हिरवळीला रोज पाच-सहा तास ऊन लागते; ती तिथे टिकणार नाही.

पाऊस थांबला की ऑक्टोबरपासून पुढच्या जूनपर्यंत नव्या झाडाला दर दोन-तीन दिवसांनी 10 ते 15 लिटर पाणी, सकाळी.

जुन्या झाडाच्या फांद्या आड येत असतील तर आधी महापालिकेची परवानगी काढा; त्याशिवाय आम्ही बागकाम करणारे करवत लावत नाही.