एटीएस निवडताना: कुठलं सॉफ्टवेअर कुठल्या अडचणीतून आलं

भरतीसाठी सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं की एचआरमध्ये आधी एक्सेल शीट तयार होते. डावीकडे फीचर्स, वर व्हेंडरांची नावं, मधे टिकमार्क. डेमो संपेपर्यंत सगळे रकाने सारखेच भरलेले असतात आणि मग निर्णय दरावर होतो. मला ही पद्धत कंपनीच्या आणि उमेदवारांच्या, दोघांच्या नुकसानीची वाटते. ही सॉफ्टवेअरं, म्हणजे रोजच्या बोलण्यातले एटीएस (ॲप्लिकंट ट्रॅकिंग सिस्टिम, आलेल्या अर्जांची नोंद आणि चाळणी करणारी यंत्रणा), वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या अडचणींवर उपाय म्हणून आली. जी अडचण सोडवायला जे बनलं, तिची छाप त्याच्यावर अजून आहे.

पहिली अडचण कागदाची होती. १९८८ साली सिलिकॉन व्हॅलीत रेझ्युमिक्स नावाची कंपनी निघाली. टपालाने आलेले रेझ्युमे स्कॅन करायचे, अक्षरं ओळखायची आणि त्यातून कौशल्यं, पदव्या, अनुभव वेगळे काढायचे, हे तिचं काम. अमेरिकेच्या संरक्षण खात्यानेही नागरी पदांच्या भरतीसाठी तिचं सॉफ्टवेअर वापरलं. तेव्हाच्या अर्जदारांना सूचना असत: पांढरा कागद, एका बाजूला छपाई, तिरपी अक्षरं नकोत, घडी घालू नका, स्टेपल मारू नका. आज ‘दोन कॉलम नकोत, टेबल नको’ असे जे सल्ले फिरतात, ते याच घराण्यातले.

कागद गेला, पण वाचताना अंदाज बांधण्याची सवय गेली नाही. आपल्याकडे बरेच जण सीव्हीवर आडनाव आधी लिहितात. ‘जाधव सुनीता बाळासाहेब’ असं नाव आलं की पार्सर, म्हणजे सीव्ही वाचून माहिती रकान्यांत भरणारा सॉफ्टवेअरचा भाग, ‘जाधव’ला पहिलं नाव करतो आणि ‘बाळासाहेब’ला आडनाव. तीच मुलगी नोकरी डॉट कॉमवरून ‘सुनीता जाधव’ म्हणून आलेली असते, आणि कन्सल्टन्सीने पाठवलेल्या प्रतीत तिचा ईमेल काढून टाकलेला असतो. झाल्या दोन नोंदी. पुढे ती जॉइन झाली की कन्सल्टन्सीचं कमिशन द्यायचं की नाही, यावर वाद.

दुसरी अडचण कायद्याची, आणि आजच्या एटीएसचा सांगाडा खरं तर तिनेच घडवला. अमेरिकेत १९६४च्या नागरी हक्क कायद्याने नोकरीतला भेदभाव बेकायदा ठरवला. १९७१ साली ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हेतू वाईट नसला, तरी कामाशी संबंध नसलेली अट एखाद्या गटाला बाहेर ठेवत असेल तर ती चालणार नाही. १९७८च्या मार्गदर्शक नियमांनी मोजमाप दिलं: एखाद्या गटाचं निवडीचं प्रमाण सर्वाधिक निवड होणाऱ्या गटाच्या चार-पंचमांशापेक्षा कमी असेल तर शंका घ्यायला जागा आहे. हे मोजायचं तर प्रत्येक अर्जाचं काय झालं याची नोंद हवी.

मग इंटरनेट आलं. १९९४ साली मॉन्स्टर ही नोकऱ्यांची वेबसाइट सुरू झाली, आणि एका क्लिकवर अर्ज करणाऱ्यांतला ‘अर्जदार’ नेमका कोण, हा प्रश्न उभा राहिला. अमेरिकेत सरकारी कंत्राटं घेणाऱ्या कंपन्यांसाठी फेब्रुवारी २००६ पासून त्याची व्याख्या लागू झाली. तिच्यातली एक अट अशी की माणूस पदाच्या मूळ पात्रतेत बसला पाहिजे, आणि ती पात्रता वस्तुनिष्ठ हवी. होय-नाही उत्तरांचे चाळणी प्रश्न या चौकटीत अगदी चपखल बसतात. टॅलिओ, ब्रासरिंग ही त्या काळातल्या एटीएसमधली मोठी नावं. लांबलचक फॉर्म, प्रत्येक टप्प्याची नोंद, नकाराचं कारण निवडायची यादी, असा त्यांचा थाट. २०१२ साली ऑरॅकलने टॅलिओ सुमारे १.९ अब्ज डॉलरला घेतली आणि आयबीएमने ब्रासरिंगची मालक केनेक्सा घेतली. अशा जड यंत्रणेला उमेदवार कंटाळतात हे खरं, पण ऑडिट आलं की ती कामाला येते.

त्याच २०१२ साली ग्रीनहाऊस आणि लीव्हर या एटीएस कंपन्या निघाल्या. त्यांचा भर मुलाखतीवर: सगळ्यांना ठरलेले प्रश्न, पॅनेलमधल्या प्रत्येकाचं वेगळं स्कोअरकार्ड.

आपल्याकडची वाट निराळी. १९५९च्या कायद्याने रिक्त जागा सेवायोजन कार्यालयाला कळवणं बंधनकारक झालं, आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथलं कार्ड जपलं गेलं. १९९७ साली नोकरी डॉट कॉम आलं. पुढे आयटीच्या भरतीत अर्जांची वाट बघण्यापेक्षा सीव्हीच्या साठ्यात शोधून फोन लावणं हीच रीत पडली. कॅलिफोर्नियात २०१८ पासून उमेदवाराला आधीचा पगार विचारायला बंदी आहे, आणि आपल्याकडे उमेदवारांच्या ट्रॅकरमधले पहिले रकानेच करंट सीटीसी (सध्याचा एकूण वार्षिक पगार), एक्स्पेक्टेड सीटीसी (अपेक्षित पगार) आणि नोटिस पीरियड हे असतात. नव्वद दिवसांच्या नोटिस पीरियडमध्ये ऑफर स्वीकारलेला माणूस दुसरीकडे जातो, हे आपलं खरं दुखणं. २००९ साली आलेल्या चेन्नईच्या झोहो रिक्रूटची कन्सल्टन्सींसाठी वेगळी आवृत्ती आहे, तर हैदराबादच्या डार्विनबॉक्सने भरतीला पूर्ण एचआर यंत्रणेचाच भाग केलं. डेमोत ऑफर ते जॉइनिंग या टप्प्यात काय काय करता येतं ते करूनच दाखवायला सांगावं.

आता गाडी एआयपाशी आली आहे. ॲमेझॉनने प्रयोगात बनवलेली यंत्रणा महिलांचे रेझ्युमे खाली ढकलत होती आणि ती गुंडाळावी लागली, हे २०१८ साली रॉयटर्सने उघड केलं. २०२१ साली हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि ॲक्सेंचरच्या अहवालात ८८ टक्के कंपन्यांनी मान्य केलं की अटींशी तंतोतंत न जुळल्यामुळे कुशल, पात्र उमेदवार चाळणीत गळतात. बाळंतपणासाठी किंवा घरच्या आजारपणासाठी नोकरी सोडलेली माणसंच अशा चाळणीत आधी सापडतात, आणि त्यांना कोणी कळवतही नाही. न्यूयॉर्क शहराने जुलै २०२३ पासून अशा साधनांचं पक्षपातासाठी ऑडिट सक्तीचं केलं. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या न्यायालयात मोब्ले नावाच्या अर्जदाराने वर्कडे या एचआर सॉफ्टवेअर कंपनीविरुद्ध खटला दाखल केला. त्यात सॉफ्टवेअर विकणारी कंपनीही भेदभावाला जबाबदार धरता येईल का, हाच मुद्दा आहे. वर्कडेने आरोप नाकारले आहेत. मे २०२५ मध्ये न्यायालयाने चाळीस आणि त्यावरच्या वयाच्या अर्जदारांना वयाच्या दाव्यात सामूहिकपणे पुढे यायला प्राथमिक परवानगी दिली.

म्हणून तुलनेच्या शीटमध्ये दोन ओळी मी नक्की घालेन. पहिली: आपल्याकडे आलेले, आडनाव आधी असलेले खरे सीव्ही उमेदवारांच्या परवानगीने टाकून बघायचे. दुसरी: नाकारलेल्या एका अर्जाची पूर्ण नोंद उघडून दाखवायला सांगायची, कोणत्या अटीवर नाकारला, माणसाने की यंत्राने, आणि त्याची माहिती कधी पुसली जाणार. यातलं शेवटचं २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यामुळे भारतातल्या कंपनीलाही विचारावंच लागणार आहे.