गाडीच्या प्रीमियममध्ये सेफ्टी नेमकी कुठे मोजली जाते? थोडा मागचा इतिहास

रिन्यूअल आलं की आपल्याकडे धुळे-जळगावात एजंटला हमखास विचारतात, "गाडी तीच शे भाऊ, मंग पैसा काबर वाढनात?" प्रश्न एकदम रास्त आहे. पण उत्तरासाठी बरंच मागे जावं लागतं, कारण कितीतरी वर्षं प्रीमियम काढताना गाडी मजबूत आहे की नाही, तिचे पार्ट महाग की स्वस्त, हे कोणी विचारातच घेत नव्हतं.

थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई देणारा, आपल्याकडे १९४६ पासून सक्तीचा आहे. १९७३ ला जनरल इन्शुरन्स सरकारी झाला, सगळ्या कंपन्या चार कंपन्यांत गोळा झाल्या, आणि दर टॅरिफ ॲडव्हायझरी कमिटी ठरवून द्यायची, म्हणजे कोणाकडेही जा, भाव एकच. २००० नंतर खासगी कंपन्या आल्या तरी हे बदललं नाही. २००२ चा इंडिया मोटर टॅरिफ (दरपत्रक) बघितला तर कारच्या ओन डॅमेजसाठी, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी, गाडीची आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत), इंजिनची सीसी, वय आणि झोन एवढंच धरलेलं. मुंबई, पुणे, दिल्ली, अहमदाबाद धरून आठ शहरं झोन ए, बाकी सगळा देश झोन बी, म्हणजे धुळे, जळगाव, नंदुरबारचे एमएच १८, १९, ३९ सगळे बी मध्येच. पाच वर्षांच्या आतली हजार सीसीपर्यंतची गाडी असेल तर झोन ए ला आयडीव्हीच्या ३.१२७ टक्के आणि बी ला ३.०३९ टक्के. चार लाखाच्या गाडीला पुण्यात १२,५०८ आणि भुसावळला १२,१५६, फरक फक्त ३५२ रुपयांचा. आणि सारख्या किमतीच्या, सारख्या सीसीच्या दोन गाड्या, एक ठोकल्यावर हजारात नीट होणारी आणि दुसरी तीस हजार खाणारी, तरी दोघींचा प्रीमियम सारखाच!

चोरीच्या बाबतीत थोडी सूट होती. पुण्याच्या एआरएआयने (गाड्या तपासणारी संस्था) मान्य केलेलं अँटी-थेफ्ट डिव्हाइस बसवलं तर ओन डॅमेजवर अडीच टक्के कमी, तेही जास्तीत जास्त ५०० रुपये. वरच्या भुसावळच्या गाडीला हिशोब केला तर ३०४ रुपये फक्त. त्यासाठी डिव्हाइस घ्या, सर्टिफिकेट जोडा, एवढा खटाटोप कोण करणार?

खरा बदल झाला १ जानेवारी २००७ ला. ओन डॅमेजचे दर मोकळे झाले, आणि कंपन्या आपापला क्लेमचा अनुभव बघून मॉडेलनुसार, शहरानुसार डिस्काउंट द्यायला लागल्या. तेव्हापासून रिपेअरचा खर्च थेट तुमच्या प्रीमियममध्ये शिरला. आधी अँबेसेडर, पद्मिनीचा पत्रा चेपला तर डेंटरवाला ठोकूनठाकून, पुट्टी भरून, रंग मारून द्यायचा. आता बंपर प्लास्टिकचा, त्यात पार्किंग सेन्सर, हेडलॅम्प एलईडी म्हणजे पूर्ण सेटच बदलायचा, आणि काही गाड्यांत तर काचेवर कॅमेरा असतो, काच बदलली की तो परत कॅलिब्रेट करावा लागतो. त्यात प्लास्टिक-रबरवर ५० टक्के घसारा, म्हणून झिरो डेप (घसारा न कापता भरपाई देणारं जादा कव्हर) घ्या, म्हणजे प्रीमियम अजून वर.

आणि इथेच मला सगळ्यात जास्त खटकतं. सेफ्टी वाढली ती चांगलीच गोष्ट आहे. २०१४ ला ग्लोबल एनकॅपने (गाड्या ठोकून सेफ्टीचे स्टार देणारी संस्था) आपल्या पाच गाड्या ठोकून बघितल्या तर पाचही झिरो स्टार निघाल्या, २०१८ ला टाटा नेक्सॉनने पाच स्टार मिळवले, २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून आपलंच स्टार देणारं भारत एनकॅप सुरू झालं. मुंबई-आग्रा हायवेवर किंवा कन्नडच्या घाटात रात्री गाडी घालणाऱ्याला याची किंमत सांगायला नको. पण एअरबॅग माणूस वाचवते, गाडी नाही. एकदा उघडली की एअरबॅग, डॅशबोर्ड, बेल्ट, कंट्रोल युनिट सगळं नवीन, आणि बिल आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेलं की गाडी टोटल लॉस, म्हणजे दुरुस्तीऐवजी गाडीची किंमतच द्यायची. म्हणजे ओन डॅमेजच्या हिशोबात सेफ गाडी उलट महागच पडू शकते.

जीव वाचण्याचा फायदा थर्ड पार्टीत दिसावा म्हणाल, तर तो दर अजून सरकारच ठरवतं आणि सीसीवरच ठरवतं. जून २०२२ पासूनचे दर बघा, हजार सीसीपर्यंत २,०९४, पंधराशेपर्यंत ३,४१६, त्यापुढे ७,८९७. इलेक्ट्रिक गाडीला १५ टक्के सूट आहे, हायब्रिडला साडेसात आहे, पण पाच स्टारला एक रुपयाही नाही. मालक-ड्रायव्हरचा १५ लाखाचा अपघात विमासुद्धा स्टार विचारत नाही. हे बदलायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं, कारण घेणारा माणूस शोरूममध्ये आधी मायलेज विचारतो, आणि सेफ गाडीचे पैसे कुठेतरी परत मिळताना दिसले तरच तो स्टार विचारेल.

निदान ओन डॅमेजमध्ये २०२२ च्या जुलैपासून एक वाट उघडली आहे, गाडी किती चालते आणि कशी चालवता यावर प्रीमियम ठरवणारे ॲड-ऑन (जादा कव्हर) विमा नियामक आयआरडीएआयने मंजूर केले. रावेर-यावलकडच्या ज्या बागायतदाराची कार फक्त लग्नसराईला आणि दवाखान्याला बाहेर निघते, त्याने रिन्यूअलच्या आधी एजंटला याबद्दल नक्की विचारावं.