शेजार जमवताना

माझ्या पहिल्या मोठ्या टाकीत सहा मासे होते. सगळे एकसारखे, पिवळेधमक, अंगावर काळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्या. दुसऱ्या महिन्यात त्यांतला एक काळवंडायला लागला. मला वाटलं आजारी पडला, म्हणून मी त्याच्यावरच डोळा ठेवून राहिलो. तो ठणठणीत होता. बिघडलं होतं ते बाकीच्यांचं. कुणाची शेपटी फाटलेली, कुणाचे खवले उडालेले, एक तर दिवसभर हीटरच्या मागे उभा. सहा महिन्यांनी टाकीत तो काळा मासा एकटा उरला, आणि खाण्याची वेळ झाली की काचेशी हजर.

तो मेलानोक्रोमिस ऑराटस, आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातला, सिक्लिड या कुळातला मासा. या जातीत पिवळा रंग माद्यांचा आणि पिल्लांचा. नराच्या हातात सत्ता आली की नक्षी उलटते. पिवळं होतं तिथे काळं येतं, काळं होतं तिथे फिकट. म्हणजे माझ्या डोळ्यांदेखत राज्याभिषेक चालला होता आणि मी औषधाची बाटली शोधत होतो.

आपण रंग बघून मासे घेतो. पाण्याखाली त्याच रंगांचा अर्थ ‘ही जागा माझी’ किंवा ‘चालता हो’ असा काहीतरी असतो. त्यामुळे कोणाचं कोणाशी जमेल हे ठरवायचं तर हे मासे असे का झाले, इथपासून सुरुवात करावी लागते.

‘आफ्रिकन सिक्लिड’ या एका नावाखाली जे विकलं जातं, ते बहुतेक पूर्व आफ्रिकेतल्या तीन सरोवरांमधलं असतं. टांगानिका सगळ्यात जुनं आणि खोल, सुमारे १,४७० मीटर. जगात बैकलनंतर त्याचाच क्रमांक. मलावी सुमारे ७०० मीटर खोल. व्हिक्टोरिया पसरट, जेमतेम ८० मीटर, आणि सुमारे १५,००० वर्षांपूर्वी ते जवळजवळ कोरडं पडलं होतं. तरी विसाव्या शतकात तिथे सिक्लिडच्या सुमारे ५०० जाती नांदत होत्या. (१९५०च्या दशकात तिथे नाइल पर्च हा मोठा शिकारी मासा सोडला गेला आणि पुढे त्यांतल्या शेकडो दिसेनाशा झाल्या, ती कथा वेगळीच.) मलावीतल्या जातींचा आकडा मोजणाऱ्यागणिक बदलतो; ५०० ते १,०००च्या दरम्यान काहीही ऐकू येतं. त्यांतल्या बहुतेक जगात दुसरीकडे कुठेच सापडत नाहीत.

इतक्या जाती एका पाण्यात मावल्या कशा? याचं एक उत्तर घशात आहे. सिक्लिडला तोंडातल्या जबड्याखेरीज घशात दुसरा जबडा असतो, दातांसकट. चावायचं, दळायचं काम हा आतला जबडा करतो, त्यामुळे पुढचा जबडा घास मिळवायच्या कामाला मोकळा राहतो आणि उत्क्रांतीत त्याने हवे ते आकार घेतले. कुणी दगडावरचं शेवाळ खरवडतो, कुणी गोगलगायी फोडतो. निंबोक्रोमिस लिव्हिंगस्टोनी हा मलावीतला शिकारी तळाशी आडवा पडून मेल्याचं सोंग करतो आणि छोटे मासे टोचायला जवळ आले की झडप घालतो. सगळ्यात विचित्र टांगानिकातला पेरिसोडस. तो दुसऱ्या माशांचे खवले खातो, तेही मागून येऊन. काहींचं तोंड डावीकडे वळलेलं, काहींचं उजवीकडे. मिचिओ होरी या जपानी संशोधकाने १९९३ मध्ये दाखवलं की डावरे वाढले की सावज त्या बाजूने सावध होतं आणि उजव्यांचं फावतं. मग उजवे वाढतात आणि पारडं पुन्हा फिरतं.

हे सगळं सांगायचं कारण, टाकीतल्या शेजाराची पहिली चाळणी स्वभाव ही नसून अन्न ही आहे. मलावीतले म्बुना घ्या. किनाऱ्यावरच्या टोंगा भाषेतल्या या शब्दाचा अर्थच खडकावरचे मासे. यांतले बरेचसे दिवसभर दगडावरचा शेवाळाचा थर आणि त्यातले बारीक जीव चरतात. आतडं लांब, घास हलका, चरणं अखंड. त्यांना प्रथिनांनी गच्च भरलेलं अन्न रोज दिलं की पोट फुगतं, मासा खाणं सोडतो आणि काही दिवसांत जातो. शौकीन याला मलावी ब्लोट म्हणतात. चुकीचं खाणं आणि त्यावर सततची मारामारी, दोन्ही एकत्र आली की तो हमखास गाठतो. टांगानिकातल्या ट्रोफियसचंही हेच.

आता या म्बुनांशेजारी ऑलोनोकारा सोडा, ज्याला पीकॉक म्हणतात. तो मांसाहारी आणि बऱ्यापैकी शांत. त्याच्या डोक्यावर आणि खालच्या जबड्यावर मोठी छिद्रं असतात, त्यांतून त्याला पाण्यातली सूक्ष्म थरथर कळते. वाळूच्या अगदी जवळ निश्चल तरंगत तो वाळूतल्या किड्याच्या हालचालीचा कानोसा घेतो आणि मग एकदम तोंड खुपसतो. अशा जेवणाला निवांतपणा लागतो. म्बुनांच्या टाकीत तो मिळत नाही. पीकॉक मरेलच असं नाही, पण ज्या निळ्या-केशरी रंगासाठी घेतला तो रंगच उतरतो. ‘दोघेही मलावीचेच आहेत’ हा युक्तिवाद मला पटत नाही. मलावी सरोवर साडेपाचशे किलोमीटरहून लांब आहे. तिथे खडकाळ आणि वाळूच्या किनाऱ्यांवरचे रहिवासी एकमेकांच्या वाटेला फारसे जातच नाहीत.

दुसरी चाळणी रंगाची, पण आपण लावतो तिच्या उलट. व्हिक्टोरियातल्या पुंडामिलिया या माशांत एका जातीचे नर निळे, जवळच्या दुसऱ्या जातीचे तांबडे. निरीक्षण असं की नर आपल्या रंगाच्या नरावर जास्त तुटून पडतो. वेगळ्या रंगाचा दिसला तर तितकं मनावर घेत नाही. मादीही रंग बघूनच नर निवडते. ओले सीहाउसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवून दिलं की सरोवराचं पाणी गढूळ झालं तिथे माद्यांना रंग नीट दिसेना, निवड चुकू लागली आणि जातींमधल्या भिंती ढासळू लागल्या.

घरच्या टाकीला हे दोन्ही जसंच्या तसं लागू आहे. निळ्या अंगावर काळ्या उभ्या पट्ट्यांच्या दोन जाती एकत्र आणल्या तर त्या एकमेकींना प्रतिस्पर्धीच समजतात. आणि जिथे भांडण नाही तिथे संकर. पीकॉकच्या बहुतेक जातींच्या माद्या मातकट, एकीसारखी दुसरी. समोर आपल्या जातीचा चांगला नर नसेल तर त्या शेजारच्याकडे जातात. पिल्लं धडधाकट होतात, पण ती कोण हे पुढे कुणालाच सांगता येत नाही. अशी पिल्लं जातीचं नाव लावून दुसऱ्याला देऊ नयेत, एवढं पथ्य मी तरी पाळतो.

आता संख्या. इथे नवखा माणूस हटकून चुकतो, मीही चुकलो. मारामारी होते म्हणून मासे कमी ठेवले की मारामारी वाढते. चार मासे असतील तर दांडग्याचा सगळा राग सर्वात दुबळ्यावर निघतो, रोज, तासन्‌तास. चाळीस असतील तर राग वाटला जातो आणि पाठलाग अर्ध्यावर सोडून द्यावा लागतो, कारण तोवर दुसराच कुणीतरी घरात शिरलेला असतो. डेमासोनीसारखी चिमुकली पण तापट जात बाराच्या खाली ठेवू नये, असा अनुभवी लोकांचा सल्ला आहे. यातले बहुतेक मासे तोंडात अंडी उबवणारे. मादी सुमारे तीन आठवडे अंडी-पिल्लं तोंडात धरते आणि त्या काळात जवळजवळ उपाशी असते. एका नरामागे एकच मादी असली तर तिला तो सुचू देत नाही. तीन-चार हव्यात.

गर्दीची किंमत मात्र पाण्यात मोजावी लागते. हे मासे क्षारयुक्त, अल्कधर्मी पाण्यातले. मलावीसाठी सामू (पीएच) आठच्या आसपास, टांगानिकासाठी त्याहून चढा, तापमान २५ अंशांच्या जवळपास. माशांच्या उत्सर्जनातून अमोनिया येतो आणि तो पाण्यात दोन रूपांत असतो, एक बरंचसं निरुपद्रवी, एक विषारी. २५ अंशांना सामू ७ असेल तर विषारी हिस्सा जेमतेम अर्धा टक्का. सामू ८ ला तो ५ टक्क्यांवर जातो, साडेआठला १५वर. म्हणजे कमी सामूच्या, मऊ पाण्यातल्या माशांना जेवढी घाण चालून जाते तेवढीच इथे कल्ले जाळते. म्हणून टाकीत अमोनिया पचवणारे जीवाणू बसेपर्यंत चार-सहा आठवडे थांबायचं, फिल्टर गरजेपेक्षा मोठा घ्यायचा, आणि दर आठवड्याला निदान पाव टाकी पाणी बदलायचं. हे जमणार नसेल तर गर्दीचा उपाय करू नये.

टाकी घेताना उंचीपेक्षा तळ बघावा. हद्दी तळावर आखल्या जातात. १८० × ६० × ६० सेंटिमीटरची टाकी साधारण ६५० लिटरची होते आणि तिच्यात म्बुनांच्या तीन-चार जाती नीट राहतात. दगड थेट काचेवर टेकवून मग वाळू घालावी. हे मासे खणतात, आणि वाळूवर रचलेला ढिगारा एखाद्या रात्री काचेवर येतो.

माझी सध्याची जमवाजमव अशी: पिवळा लॅबिडोक्रोमिस, निळ्या-काळ्या पट्ट्यांचा डेमासोनी, गंजलेल्या लोखंडाच्या रंगाचा आयोडोट्रोफियस, आणि पिवळ्या शेपटीचा निळा-जांभळा आसेई. चौघांत सारखा कुणी नाही. आसेई निसर्गात बुडालेल्या ओंडक्यांवर चरतो, टाकीत तो वरच्या थरात हिंडतो, त्यामुळे दगडांच्या भांडणात पडत नाही. लॅबिडोक्रोमिस खरा कीटकभक्षी, पण शेवाळयुक्त खाण्यावर त्याचं भागतं. उलट तडजोड म्बुनांना झेपली नसती. टांगानिकाची टाकी करायची तर वेगळीच मांडावी: तळाशी गोगलगायींच्या रिकाम्या शंखांत राहणारे जेमतेम चार सेंटिमीटरचे मल्टिफॅसिएटस, वर सायप्रिक्रोमिसची झुंड. तिथे फ्रोंटोसाचा मोह होतो, मासाही देखणा आहे, पण निसर्गात त्याच्या जेवणात सायप्रिक्रोमिसच असतात.

एवढं करूनही एखादा दांडगा निघतोच. त्याला कायमचं बाहेर काढून प्रश्न सुटत नाही. स्टॅनफर्डमधल्या रसेल फर्नाल्ड यांच्या प्रयोगशाळेत अ‍ॅस्टॅटोटिलापिया बर्टोनी या माशावर हे तपासलं गेलं. पहाटेच्या अंधारात सत्ताधारी नराला उचललं. उजेड झाल्यावर काही मिनिटांतच दुसऱ्या क्रमांकाचा फिका नर रंग चढवून धमकावायला लागला. याच प्रयोगशाळेतून २००७ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली. काचेआडून नुसत्या लढती बघणाऱ्या नराला ‘अ’ने ‘ब’ला हरवलेलं, ‘ब’ने ‘क’ला, असं ‘इ’पर्यंत दिसलं. ‘ब’ आणि ‘ड’ची लढत त्याने कधीच पाहिली नव्हती, तरी दोघांतून निवडायची वेळ आली तेव्हा तो दुबळ्या ‘ड’च्या बाजूला जाऊन थांबला.

त्यामुळे मी दांडग्याला चार-पाच दिवस वेगळ्या टाकीत ठेवतो आणि तेवढ्यात दगडांची मांडणी पार बदलून टाकतो. सगळ्यांच्या हद्दी पुसल्या जातात, उरलेले नव्याने घरं वाटून घेतात. मग रात्री दिवे बंद करून त्याला परत सोडायचं. गेल्या खेपेस सकाळी पाहिलं तर तो फिका पडून फिल्टरच्या नळीमागे उभा होता, आणि त्याच्या जुन्या गुहेच्या जागी नुसती वाळू होती.