पन्नास शब्दांमागे एक: ऑनलाइन इंग्रजी वाचन-लेखनाची पार्श्वभूमी

इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला इंटरनेटवरचा कुठलाही इंग्रजी मजकूर वाचायला दिला, की दुसऱ्या-तिसऱ्या ओळीतच तो अडतो. मजकुराचा तुटवडा नाही, पण त्यातला बहुतेक त्याच्यासाठी लिहिलेलाच नसतो. हा पेच इंटरनेटहून कितीतरी जुना आहे, आणि त्यावर फार मोलाचं काम झालं ते आपल्याच उपखंडात, बंगालमध्ये.

मायकेल वेस्ट हे भारतीय शिक्षण सेवेतले अधिकारी ढाक्यात काम करत होते. बहुतेक मुलं शाळा अर्ध्यावर सोडतात हे पाहून त्यांनी विम्यातला शब्द उचलला: सरेंडर व्हॅल्यू. पॉलिसी मध्येच मोडली तरी काही रक्कम हाती येते, तसं शाळा मध्येच सुटली तरी मुलाजवळ काही उरलं पाहिजे. १९२६च्या आपल्या अहवालात त्यांनी यासाठी वाचनाला अग्रक्रम दिला. पुढे वाचनपुस्तकं लिहिताना त्यांनी नव्या शब्दांची दाटी कमी केली आणि साधारण पन्नास-साठ शब्दांमागे एकच नवा शब्द ठेवला. २००० साली न्यूझीलंडचे भाषाशिक्षणतज्ज्ञ पॉल नेशन आणि त्यांच्या सहकारी संशोधकाने मोजून दाखवलं, की मदतीविना गोष्ट नीट समजायला तिच्यातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात. म्हणजे पुन्हा पन्नासात एक!

ऑनलाइन साधनं पारखायला आजही हीच कसोटी सगळ्यात उपयोगी आहे. शंभर शब्दांचा उतारा घ्यावा आणि मुलाला अनोळखी शब्दांखाली रेघ मारायला सांगावी. दोनपर्यंत रेघा असतील तर अवांतर वाचनाला द्यावा, पाचपर्यंत असतील तर शिक्षकाने सोबत बसून वाचावा, त्याहून जास्त असतील तर बाजूला ठेवावा. हे काम संगणकावर सोपवलं तर एक खोट राहते. ‘गिव्ह’ आणि ‘अप’ हे दोन्ही शब्द यंत्र ओळखीचे धरतं, पण ‘गिव्ह अप’चा अर्थ मुलाला माहीत नसतो.

सोप्या इंग्रजीचा एक मोठा साठा रेडिओकडून आला. व्हॉइस ऑफ अमेरिका या अमेरिकी सरकारच्या पैशावर चालणाऱ्या नभोवाणीने ऑक्टोबर १९५९मध्ये सुमारे १,५०० मूळ शब्दांत, संथ गतीने वाचल्या जाणाऱ्या बातम्या सुरू केल्या. नंतर ध्वनिफीत आणि मजकूर दोन्ही वेबवर आले, आणि कानावर पडणारा शब्द डोळ्यांसमोर दिसू लागला. मार्च २०२५मध्ये अमेरिकी सरकारने या संस्थेचं काम रोखलं. दुव्यांवर विसंबलेल्या शिक्षकांनी यावरून चांगले उतारे वेळीच उतरवून ठेवायची सवय लावून घ्यावी. २००१मध्ये सोप्या इंग्रजीतला विकिपीडिया सुरू झाला, पण त्याचा दर्जा लेखागणिक बदलतो. वाक्यं तोडताना ‘बिकॉज’, ‘ऑल्दो’ असे वाक्यं जोडणारे शब्द गळले, की वाक्य आखूड होतं आणि अर्थ मात्र अवघड होतो.

महाराष्ट्रात २०००पासून पहिलीपासून इंग्रजी आलं. पाठ्यपुस्तकाबाहेरचं सोपं वाचन मिळवणं मात्र कठीणच होतं. २०१५मध्ये प्रथम बुक्स या प्रकाशनसंस्थेचं स्टोरीवीव्हर हे मुलांच्या गोष्टींचं संकेतस्थळ आलं. चार पातळ्यांच्या तिथल्या गोष्टी विनामूल्य छापता, बदलता आणि भाषांतरित करता येतात. अनेक गोष्टी मराठीतही आहेत. आधी मराठी गोष्ट वाचून मग तीच इंग्रजीत दिली, तर मुलाला कथानक ठाऊक असतं आणि सगळं लक्ष शब्दांवर राहतं. क्रम उलटा केला किंवा दोन्ही शेजारी ठेवल्या, की नजर सारखी मराठीकडे वळते. सहावी-सातवीतल्या मुलाला पहिल्या पातळीची गोष्ट बाळबोध वाटते. त्याला प्राण्यांवरचे, विज्ञानावरचे छोटे मजकूर द्यावेत.

लेखनाची साधनं वेगळ्या वाटेने आली. गाळलेल्या शब्दांची क्लोझ चाचणी १९५३ची, विल्सन टेलर यांची. १९९८च्या सुमारास कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठाच्या हॉट पोटॅटोज या प्रणालीने शिक्षकांना ती वेबवर स्वतः बनवता येऊ लागली. पहिलं वाक्य अखंड ठेवावं आणि पुढे दर सातवा शब्द गाळावा. पर्यायी उत्तरं आधी भरून ठेवली नाहीत, तर ‘बिग’च्या जागी ‘लार्ज’ लिहिणारं मूल चूक ठरतं आणि लिहायलाच बिचकू लागतं.

पण रिकाम्या जागा भरणं म्हणजे लेखन नव्हे. साठ-सत्तर शब्दांचा उतारा दोनदा ऐकवावा, मुलांना फक्त मुख्य शब्द टिपू द्यावेत, मग जोडीने तो पुन्हा लिहायला लावून मूळ उताऱ्याशी ताडून पाहायला सांगावं. मराठी मुलांच्या ठरावीक चुका इथे उघड्या पडतात. ‘त्याला सांगितलं’मधल्या ‘ला’मुळे ‘टोल्ड टू हिम’ येतं, आणि मराठीत नसलेले ‘अ’ व ‘द’ सरसकट गळतात. चुका आपोआप सुधारणारं सॉफ्टवेअर या वेळी बंद ठेवावं. ते चूक दुरुस्त करून टाकतं, आणि मुलाला ती दिसतच नाही.